चाळीसला दोन

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! बावीस वर्षं वजनमाप निरीक्षक आहे मी. काट्याखाली चुंबक लावणारा दुकानदार मी त्याच्या कपाळावरच्या घामावरून ओळखतो. आणि अशा मला माझंच वजन फसवायला लागलं!

झालं असं, की गुडघा कामातून गेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पंच्याण्णवच्या खाली या, मगच ऑपरेशन." लेक तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नातीचा पहिला वाढदिवस चार महिन्यांवर आलेला, आणि तो मला खाली फुटपाथवर उभं राहून साजरा करायचा नव्हता.

वजनाच्या डॉक्टरबाईंनी दर आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. भूक एकदम गायब! चार वाजता पोटात जी बोंब उठायची, ती उठेचना. मला लगेच संशय आला.

"माझी भूक गेली कुठे?"

"भूक मेंदूत ठरते. औषध मेंदूला सांगतं, पोट भरलंय."

"म्हणजे खोटं सांगतं!"

"तुमच्या भल्यासाठी हो!"

फसवणारे सगळे हेच म्हणतात!

अकरा किलो उतरले आणि वजन शहाण्णववर अडलं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन! बाई म्हणाल्या, "खाणं कमी झालं की शरीर सावध होतं. तेही हात आखडतं. त्याच कामाला कमी ताकद वापरतं, वर भूक वाढवायला बघतं. धीर धरा."

"म्हणजे माझं शरीर मलाच काटा मारतंय?"

"तसं समजा."

मी कशाला समजतोय! घरी येऊन तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारली. संध्याकाळी तेल रेघेच्या खाली!

"हे तेल कुठे गेलं?"

"दाराच्या बिजागरीत!" बायको कडाडली. "आठ दिवस कुरकुरतंय, सांगून सांगून थकले मी!"

दार उघडून बघितलं. आवाज नव्हता. मग आरोपी राहिला एकच, डॉक्टरबाईंचा काटा!

पुढच्या खेपेला बायकोबरोबर मेहुण्यालाही घेतलं. त्याच्या दोन्ही हातांत माझ्या ऑफिसातली वीस-वीस किलोची वजनं. दवाखाना पहिल्या मजल्यावर. तो धापा टाकत, मी कठडा धरून गुडघ्याला शिव्या घालत.

"भाऊजी, हे चोरीचं नाही ना?"

"सरकारी आहे!"

"मग तर जास्तच भीती वाटते."

बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही उभे राहा." राहिलो. "अहो, चौऱ्याण्णव आठशे! अभिनंदन!"

बायकोने टाळ्याच वाजवल्या. बाई लगेच चिठ्ठी लिहायला बसल्या, ऑपरेशनला हरकत नाही म्हणून. एखादा ती मुकाट खिशात घालून जिना उतरला असता. पण तीन आठवडे जागचा न हललेला आकडा आजच कसा हलला?

"थांबा! लिहू नका!" मी ओरडलो.

मेहुण्याने दोन्ही वजनं काट्यावर ठेवली. चाळीस किलोला काटा म्हणाला, अडतीस!

"काटा मारलाय! चाळीसला दोन!"

बाकावरच्या एक मावशी ताडकन उठल्या. "मग माझे नव्वद खरे किती?"

"जवळपास पंच्याण्णव!"

"महिनाभर उपाशी राहून घालवलेले पाच किलो परत दिलेत हो मला!" त्या रडायलाच लागल्या.

बायकोने शांतपणे विचारलं, "आणि तुमचे चौऱ्याण्णव आठशे?"

तोंडी हिशेब मला चटकन जमतो. त्या दिवशी जमला नसता तर बरं झालं असतं.

"शंभरला थोडे कमी," मी पुटपुटलो. बाईंनी चिठ्ठी फाडली.

माझं डोकंच फिरलं. "असला काटा पास केला कुठल्या गाढवाने?"

काट्याच्या वर भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं होतं. मेहुण्याने मान वर करून वाचलं. "मागच्या वर्षीचं आहे. सही... भाऊजी, ही तर तुमचीच!"

आठवलं. तेव्हाही गुडघा ठणकत होता. पहिला मजला कोण चढणार, म्हणून खाली गाडीत बसूनच सही ठोकली होती!

लेकीला कळवलंय, वाढदिवसाचा केक फुटपाथवर आणलास तर एक तुकडा खाईन. नको, अर्धाच.