चंद्राची हजेरी

हिनोसाकी शहरात चंद्र पाळीपाळीने उगवतो, आणि शैलजा कुंभोजकर राहत होती त्या सहाव्या गल्लीची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी असे.

यात कुणाला नवल वाटत नसे. गल्ल्या पुष्कळ आणि चंद्र एक. सोमवारी जळणारा कचरा, बुधवारी बाटल्या, मंगळवार-शुक्रवारी चंद्र, असं घराच्या किल्लीबरोबरच सांगितलेलं होतं. संध्याकाळी सहाला नगरपालिकेची छोटी गाडी धून वाजवत यायची, गल्लीच्या टोकाला थांबायची, आणि चंद्र हळूहळू विजेच्या तारांच्या वर चढायचा. आठ वाजता तो उतरवून घेत, कारण आठनंतर उजेडाचा शेजाऱ्यांना त्रास होतो.

शैलजा मिरजेची. नवरा हेमंत गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीने त्याला जपानला पाठवलं, तशी तीही आली. तिच्या ओळखपत्रावर नावाखाली ‘अवलंबित’ असं छापलेलं होतं. देवांना वॉशिंग मशीनच्या वरची फळी मिळाली होती. देवांनी ती चालवून घेतली, मग तिनेही बाकीचं चालवून घेतलं. सकाळी हेमंत निघून गेला की दिवस मोकळा पडायचा. मिरजेहून आणलेलं सगळं सामान दोघांचं होतं. फक्त तिचं असं एकच बरोबर आलं होतं, ती म्हणजे संकष्टी. लग्नाआधीपासून धरलेली, तापात, प्रवासात, दिराच्या लग्नाच्या धांदलीतही कधी मोडलेली नाही.

तिथली पहिली संकष्टी गुरुवारी आली. शैलजाने सुक्या खोबऱ्याचे मोदक केले, वरणभात लावला आणि बाल्कनीत स्टूल टाकून बसली. आकाश स्वच्छ होतं आणि रिकामं होतं. शेजारच्या बाल्कनीत हिरानो आजी मोजे वाळत घालत होत्या. शैलजाला येत होती तेवढी जपानी ती स्वतः बोलायची, उरलेली फोनमधली भाषांतर करणारी बाई बोलायची.

“आजी, चंद्र उगवला नाही अजून.”

“आज गुरुवार,” आजी म्हणाल्या. “आज तो तिसऱ्या गल्लीत.”

“मग तिकडे जाऊन बघून येऊ?”

आजींच्या हातातला मोजा हातातच राहिला. “दुसऱ्यांच्या गल्लीतला?” त्या एवढंच म्हणाल्या.

तिथे दुसऱ्यांच्या गल्लीत कुणी आपला कचरासुद्धा ठेवत नाही, हे शैलजाला माहीत होतं. ती आत आली आणि मोदकांवर ताट झाकलं.

शुक्रवारी सहाची धून ऐकू येताच ती ताम्हन, अक्षता आणि फूल घेऊन खाली उतरली. गल्लीच्या टोकाला दंडावर हिरवी पट्टी लावून कुरोदा-सान उभे होते. ते गल्ली मंडळाचे अध्यक्ष, पूर्वी स्टेशनमास्तर होते. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाट अडवली.

“कुंभोजकर-सान आले नाहीत?”

“ते ऑफिसात आहेत. मी आले ना.”

“फार वाईट वाटतं,” कुरोदा-सान म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. “चंद्र कुटुंबप्रमुखाच्या नावावर येतो. अवलंबित व्यक्तींनी तो प्रमुखाच्या सोबत बघायचा असतो. आपण एकट्याने बघितलात आणि काही झालं, तर?”

“चंद्र बघून काय होणार?”

“आजवर काही झालेलं नाही,” कुरोदा-सान म्हणाले, “कारण आम्ही कुणाला एकट्याने बघू दिलेलं नाही.”

शैलजाने हेमंतला फोन लावला. मागे मीटिंगचे आवाज येत होते.

“अहो, चंद्र आलाय. तुम्ही आल्याशिवाय दाखवत नाहीत.”

“तू तयार राहा,” हेमंत म्हणाला. “मला वेळ झाला तर येतो.”

ती तयार राहिली. आठ वाजता चंद्र उतरवला गेला. खिडकीचा पडदा बाजूला सारून तो चोरून बघता आला असता. पण चोरून घेतलेल्या दर्शनाने उपास सुटतो, असं तिने कुठे ऐकलेलं नव्हतं.

शनिवार केळ्यांवर गेला, रविवार साबुदाण्यावर. रविवारी मिरजेहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“तोंड का गं उतरलंय?”

“संकष्टी आहे, आई.”

“ती गुरुवारी झाली.”

“इथली चालू आहे.”

सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे उगवला की फोनवर दाखवते. बघ आणि जेव बाई.”

“चालतं का तसं?”

“विचारते.” थोड्या वेळाने परत फोन आला. “गुरुजी म्हणाले, दक्षिणा फोनवर चालते, चंद्र चालत नाही.”

मंगळवारी आठाला थोडं कमी असताना हेमंत टॅक्सीतून उतरला. कुरोदा-सानांनी घड्याळ बघितलं, हेमंतकडे बघितलं आणि बाजूला झाले. शैलजाने अर्घ्य दिलं. हेमंतने तेवढ्यात दोन मेल पाहून घेतल्या. गुरुवारी लागलेली संकष्टी अशी मंगळवारी सुटली.

“झालं ना मनासारखं?” जेवताना हेमंत म्हणाला. “आता महिनाभर निवांत.”

“पुढच्या महिन्यातली शनिवारी आहे.”

“शनिवारी साहेबांबरोबर गोल्फ असतो, शैला.” त्याने वरणात भात कालवला. “एखादी चुकली तर देव काय रागावणार आहे का? तो समजून घेतो.”

“देव समजून घेईल हो,” शैलजा म्हणाली. “मला नाही घेता येणार.”

दुसऱ्या दिवशी ती हिरानो आजींना बरोबर घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. दुसऱ्या मजल्यावर, कुत्र्यांची नोंदणी आणि पाणीपट्टी यांच्या मध्ये चंद्र विभाग होता. टोकन घेऊन दोघी बसल्या. नंबर लागला तेव्हा समोर निशिओका नावाचा तरुण कारकून होता. त्याने उठून, वाकून, परत बसून विचारलं, “आपल्याला चंद्र कशासाठी हवा आहे?”

“जेवण्यासाठी.”

निशिओकाने एक जाड पुस्तक उघडून पाहिलं. “चंद्र खाण्याच्या वस्तूंमध्ये मोडत नाही.”

“मी तो खाणार नाही. तो बघितल्यावर मी जेवणार. संकष्टीचा तसा नियम आहे.”

नियम हा शब्द ऐकून निशिओका सावरून बसला. “कुणी केलेला?”

तेव्हा शैलजाने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. गणपती मोदक खाऊन आपल्या वाहनावरून निघाले होते. वाटेत साप आडवा आला, वाहन बिचकलं, गणपती पडले, आणि चंद्र हसला.

“वाहन कोणतं?”

“उंदीर.”

“परवाना?”

“त्या काळी लागत नसे.”

“चंद्र हसला, हे कुणी पाहिलं?”

“सगळ्यांनी. तो वरच होता.”

“मोठ्याने हसला?”

“ऐकू जाईल इतका.”

“आठनंतर?”

“रात्रच होती,” शैलजा म्हणाली.

हिरानो आजींनी मान खाली घातली. निशिओकाने पेन खाली ठेवलं. आपल्या विभागाच्या चंद्राकडून असं काही घडलं असेल, याची त्याला कल्पना नव्हती. तो आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेबांनी शैलजाने दाखवलेल्या मिरजेच्या बाजूला, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून, विभागाच्या वतीने वाकून क्षमा मागितली आणि परत आत गेले.

“मग तक्रारदारांनी काय केलं?” निशिओकाने विचारलं.

“शाप दिला, तुझं तोंड कुणी बघणार नाही. पुढे चंद्राने माफी मागितली. मग असं ठरलं की वर्षातून एका चतुर्थीला त्याला बघायचं नाही, आणि दर संकष्टीला बघितल्याशिवाय जेवायचं नाही.”

“म्हणजे तडजोड झाली आणि चंद्राने ती मान्य केली. दर महिन्याला हजर राहायचं, असं तीत आहे.” निशिओका हळूहळू म्हणाला. “मग तो गुरुवारी आपल्यापुढे हजर नव्हता, ही त्याची चूक. पाळी मंगळवारची असो की शुक्रवारची, हजेरीला पाळी लागू नाही.” त्याने एक कोरा कागद पुढे ओढला. “फक्त हजेरी कुणी घ्यायची, हे ठरवायला हवं. तक्रारदारांचा पत्ता?”

“मिरज. आमच्या गल्लीच्या तोंडाशी.”

“आपण त्यांच्या कोण?”

“भक्त.”

नात्यांच्या यादीत पत्नी होती, अपत्य होतं, आईवडील होते, कर्मचारी होते. निशिओकाने बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. “आपण त्यांच्यावर अवलंबून आहात का?”

“हो. पूर्ण.”

“पण आपल्या ओळखपत्रावर कुंभोजकर-सानांवर अवलंबून असं आहे.”

“तेही आहे. थोडंफार.”

निशिओकाचा चेहरा पडला. “एका व्यक्तीला दोन ठिकाणी अवलंबून राहता येत नाही. एक ठिकाण निवडावं लागेल. गणपतींकडे आलात, तर हजेरी आपल्याला स्वतःच्या नावाने घेता येईल. पण मग कुंभोजकर-सानांकडची नोंद निघून जाईल.”

शेजारी कुणीतरी कुत्र्याचं नाव सांगत होतं. हेमंत सकाळी दाराबाहेर पडताना किल्ली, पाकीट, रुमाल अशी तीन वेळा हाक मारायचा आणि ती तीन वेळा आतून आणून द्यायची. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वेळ होत नसे.

“आणि यांचं काय होईल?” तिने विचारलं.

“ते घरात एकटेच राहतात, असं होईल. मोठं घर आहे. कंपनी कदाचित छोटं देईल.”

“त्यांना माझ्यावर अवलंबून टाकता येतं का?”

निशिओकाने परत जाड पुस्तक पाहिलं. “येतं. त्यांचं जेवण कोण करतं?”

“मी.”

“कपडे?”

“मीच.”

“घरातल्या वस्तू कुठे असतात, हे त्यांना ठाऊक आहे का?”

शैलजाच्या आधी हिरानो आजीच बोलल्या. “भिंतीतून ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. “ठाऊक नाही.”

“मग काही अडचण नाही,” निशिओका म्हणाला.

एवढं झाल्यावर तक्रारदारांची संमती तेवढी राहिली. शैलजाने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. पोळपाट तसाच टाकून त्या देवळात गेल्या, देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं लावली आणि कौल घेतला. वॉर्ड ऑफिसात सगळे शांत बसून होते.

“उजवं दिलं म्हणून सांग त्या मुलाला,” सासूबाई म्हणाल्या. “आणि विचार, तो जेवलाय का. हडकुळा दिसतो.”

निशिओकाने ‘उजवं’ असं लिहून शिक्का मारला. जेवलोय, असंही त्याने सांगितलं.

चंद्राची बाजू ऐकणं नियमाने भाग होतं. ते काम गल्ली मंडळाकडे आलं. शुक्रवारी कुरोदा-सानांनी चंद्राला सगळा मजकूर वाचून दाखवला आणि आठ वाजेपर्यंत वाट पाहिली. ‘चंद्र काही बोलला नाही,’ असं त्यांनी कळवलं. न बोलणं म्हणजे तिथे होकारच असतो.

त्या रात्री शैलजाने हेमंतला त्याचं नवं ओळखपत्र दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

“हे कायमचं आहे का?”

“तीन वर्षांनी नवं करायचं. मी करून आणीन, तुम्ही काळजी करू नका.”

“ऑफिसात कुणी बघितलं तर?”

“माझं कुणी बघितलं होतं का?” शैलजा म्हणाली आणि ताटं वाढायला घेतली.

संकष्टीच्या शनिवारी आकाशात ढग होते. तिने नेहमीसारखं केलं. मोदक, वरणभात, ताम्हन, अक्षता. सहाला गाडी आली. एरवी ती धून वाजवते, त्या दिवशी वाजवली नाही, कारण पाळी नव्हती, हजेरी होती. चंद्र ढगांच्या खालूनच वर चढला. एका बाजूने किंचित चेपलेला होता, चतुर्थीला असतो तसा. बाकीची गल्ली घरांबाहेर येऊन उभी राहिली आणि ज्यांचं काम नव्हतं त्या सगळ्यांनी सभ्यपणे माना फिरवल्या. हिरानो आजींनी डोळ्यांवर मोजा धरला.

कुरोदा-सानांनी वाकून वाट दिली. “कुंभोजकर-सान,” ते शैलजाला म्हणाले.

ती चंद्रापुढे जाऊन उभी राहिली. चंद्र आणि ती दोघं एकमेकांना पहिल्यांदाच एकटी भेटत होती. तिने पळीने पाणी सोडलं. फूल वाहिलं. मग हात जोडले आणि, तो इतक्या लांबून वेळेवर आला म्हणून, एक अक्षत जास्त वाहिली.

तेवढ्यात गोल्फची पिशवी खांद्यावर घेऊन हेमंत कोपऱ्यावरून आला. वर बघणार इतक्यात कुरोदा-सानांनी हात आडवा केला.

“आपण कोण?”

हेमंतने खिसे चाचपले. ओळखपत्र घरी राहिलं होतं. त्याने गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

“मी त्यांच्यावर अवलंबून आहे,” तो म्हणाला.

“फार वाईट वाटतं,” कुरोदा-सान म्हणाले. “त्या बोलावतील तेव्हा या.”

शैलजाने मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. हेमंत पिशवी खाली ठेवून तिच्या जवळ जाऊन उभा राहिला. फोन खिशातच राहिला. बराच वेळ तो वर बघत होता.

“एवढा मोठा असतो हा?” त्याने हळूच विचारलं.

“असतो,” शैलजा म्हणाली. “चला, जेवायला वाढते.”

जेवताना त्याने मोदक मागून घेतला. मग दुसरा घेतला. थोडा वेळ ताटात बोट फिरवत बसला.

“शैला, मंगळवारी आपल्या गल्लीची पाळी आहे ना? ऑफिसातून लवकर निघेन म्हणतो. दाखवशील?”

मंगळवारी संध्याकाळी हिरानो आजींनी तिला त्यांच्या बहिणीकडे बोलावलेलं होतं. शैलजाने त्याच्या भातावर तूप वाढलं.

“तुम्ही तयार राहा,” ती म्हणाली. “मला वेळ झाला तर येते.”