सहाराचा तांडा

व्हिडिओ कॉल अकराला होता आणि भावसिंग दहापासून हरिचंदच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत होता. साखरा गावाजवळच्या त्या बंजारा तांड्यावर रेंज फक्त तिथेच यायची. हीच पंचाईत होती, कारण तक्रार हरिचंदविरुद्धच होती. थोरला भाऊ वारला तरी भावजयीचं, जिवनबाईचं नाव त्याने सातबाऱ्यावर लागू दिलं नव्हतं. तलाठ्याकडे हरकत देऊन मोकळा झाला होता.

परदेशातलं एक फाउंडेशन सात देशांत बायांच्या जमिनीच्या हक्कासाठी मदत द्यायचं. ती भावसिंगच्या संस्थेला मिळाली तर जिवनबाईसाठी वकील लावता येणार होता. अर्ज त्याने मराठीत लिहिला आणि इंग्रजी फोनकडूनच करून घेतलं.

"भावसिंग, बस की लेकरा. तुला बघून माझं डोकं गरगरून राहिलं," गच्चीवर बसलेली जिवनबाई म्हणाली.

कॉल लागला. चहा देण्याच्या निमित्ताने हरिचंद तिथेच रेंगाळला. पडद्यावर एक गोऱ्या मॅडम होत्या आणि शेजारच्या चौकोनात भावसिंगने अर्जात मागितलेला हिंदी दुभाषा.

"मॅडम पूछ रही हैं, पति के बाद ऊँट किसको मिलते हैं?"

"उंट?" जिवनबाई भडकली. "ह्यो हरिचंद शेत देईना, उंट कुठून देतो!"

भावसिंगने ते मोडक्या हिंदीत सांगितलं. मॅडमने लिहून घेतलं.

"हरिचंद. ये नाम सातों देशों की रिपोर्ट में जाएगा," दुभाषा म्हणाला.

हरिचंदच्या हातातली बशी कलंडली. तो जिना उतरून गेला.

भावसिंगने घाईघाईने अर्ज उघडला. फोनने साखऱ्याचं सहारा केलं होतं आणि तांड्याचा उंटांचा काफिला. खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग हळहळल्या. भारत त्यांच्या सात देशांत नव्हताच. लिहिलेलं सगळं खोडते म्हणाल्या आणि कॉल संपला.

"गेलं काकी, समदं गेलं." भावसिंगने फोन खिशात टाकला.

जिन्यावर पावलं वाजली. हरिचंद धुतलेला सदरा घालून वर आला होता.

"वहिनी, त्या सात देशांत मी कोनाला वळखत बी न्हाई. तिथं काहून माझी बदनामी? नाव काढायला काय करावं लागतंय?"

खरं काय ते सांगायला भावसिंगने तोंड उघडलं.

"तू गप रे," जिवनबाई उठत म्हणाली. "भावजी, आधी तलाठ्याकडं जाऊन हरकत मागं घ्यावी लागती. चला, मी बी येते."