हिवरेवाडीला अक्कल पाजली त्याची हकीकत

लोहारा तालुक्यातल्या हिवरेवाडीत रोज सकाळी जीपवरून भांडण होतं, ही बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली, तेव्हा त्या भांडणाला लग्नाचं वय झालेलं होतं. धुळाप्पाची जीप लिंबाखाली उभी राहायची आणि भरली की लोहाऱ्याला सुटायची. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसली म्हणजे ती भरली, हा धुळाप्पाचा नियम. पुढच्या शिटावरून शिव्या व्हायच्या, भाजीवाली सिताबाई दोन तरण्या गड्यांना कोपरानं सारून खिडकी धरायची, तिचं टोपलं कुणाच्या तरी टाळक्यात बसायचं. मग गाडी हालायची. ओढा ओलांडेपर्यंत सगळे एकमेकांच्या मांडीवर बसून एकाच चंचीतली तंबाखू मळत असायचे. लोहारा यायच्या आत एखादी सोयरीकही जुळून जायची.

पण अहवालात ओढ्याच्या अलीकडचंच लिहिलेलं होतं.

त्यावर निष्कर्ष निघाला : माणसं भांडतात ती बुद्धी कमी पडल्यामुळे, बुद्धी वाढवल्यास सहकार्य आपोआप वाढेल. हा निष्कर्ष तीन तज्ज्ञांनी मिळून काढला. तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद असल्यामुळे तो तीन वेगळ्या खोल्यांत बसून काढावा लागला, एवढंच.

त्यानुसार हिवरेवाडीत 'बुद्धिवर्धन पंधरवडा' साजरा झाला. प्रत्येक लाभार्थ्याच्या जिभेवर दोन थेंब आणि डाव्या हाताच्या बोटाला शाई. किराणा दुकानदार महालिंगप्पांनी दोन थेंब घेतले, चव बघितली, आणि फुकट आहे म्हणून उजवा हात पुढं करून रांगेत पुन्हा उभे राहिले. चार थेंब पोटात गेले. गावात सगळ्यात शहाणा कोण, हा जुना वाद अशा रीतीनं कायमचा मिटला.

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा जीपपाशी आले. एक पाय फळीवर ठेवला आणि थेंबांनी काम सुरू केलं. गाडी भरल्याशिवाय सुटणार नाही. म्हणजे जो आधी बसेल तो पत्र्याखाली सगळ्यात जास्त शिजेल. जो शेवटी बसेल त्याला क्षणभरही ताटकळावं लागणार नाही. मग आधी बसावं कुणी? मूर्खानं. त्यांनी पाय काढून घेतला आणि ते गुंडाप्पाच्या हॉटेलात शिरले. तिथं पंधरा जण आधीच बसलेले होते. प्रत्येकानं फळीवरून पाय काढून घेतलेला होता.

"आप्पा, तुम्ही वडीलधारे. तुम्ही व्हा की पुढं," दूध डेअरीतला उमाशंकर हात जोडून म्हणाला.

"न्हाय बाबा, तरण्यांनी पुढं व्हावं. आमचं काय, आज हाय उद्या न्हाय."

"मग सिताक्का, तुमी बसा. खिडकी मोकळीच हाय."

"खिडकी तुलाच र्‍हाऊ दे लेकरा. म्या आता समद्यांचा इचार करायले."

दुपारी तपासणी पथक आलं. शिवी नाही, धक्काबुक्की नाही, सोळा माणसं एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत बसलेली. पथकातल्या एका साहेबांचे डोळे पाणावले. जीप सुटली का, असा रकाना तक्त्यात नव्हता. आठवडाभर हिवरेवाडीतून लोहाऱ्याला कुणी गेलं नाही आणि कुणाचं कुणाशी वाजलंही नाही.

आणि त्याच आठवड्यात महालिंगप्पांच्या सख्ख्या भाचीचं, शिवप्रियाचं, लोहाऱ्यात लग्न होतं. मुहूर्त भर दुपारचा. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय त्यांच्यात पोरगी अक्षतांना उभी राहत नाही. खरं तर मामानं आदल्या दिवशीच जायचं असतं. पण आदल्या दिवशी गेलं की मांडवातली कामं अंगावर पडतात, हे चार थेंबांनी वेळीच ताडलं होतं.

लग्नादिवशी सकाळी कोशाचं रेशमी उपरणं खांद्यावर टाकून महालिंगप्पा लिंबाखाली आले. जीप रिकामी, हॉटेल भरलेलं. तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण, गौराबाई.

"आण्णा, कुठवर आलाव?"

"निघालोच बघ."

"पोरगी सारखी इचारायली, मामा आला का म्हणून. गाडी पाठवू का?"

"कशाला खर्च? हितं जीप हुभीच हाय."

आपली घाई त्यांनी लपवायचा प्रयत्न केला. पण उपरण्यानं घात केला. गरजू माणूस समोर दिसताच हॉटेलातल्या पंधराही जणांच्या डोक्यातले थेंब जागे झाले.

"आप्पा, तुमच्यासाठी बसतो की आमी," उमाशंकर म्हणाला. "फकस्त परतीला पुढचं शीट माझं."

"मला वर्षभर गूळ उधार," दुसरा म्हणाला.

महालिंगप्पा सगळ्याला हो म्हणत गेले. एकेक जण चढू लागला. बारा झाले, तेरा झाले, आणि मग सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं की सोळावा टेकल्याशिवाय गाडी हालत नाही. म्हणजे त्या एका बुडाला जो भाव येईल, तो बाकीच्या सगळ्या बुडांना मिळूनही यायचा नाही. तेरावा उतरला. ते बघून बारावा उतरला.

"अगं सिताबाई, तू कुठं निघालीस?"

"म्या बसते की आप्पा. पर शेवटला."

गुंडाप्पाची मोटारसायकल दारातच होती. पण कुणी मागू नये म्हणून त्यानं टाकीतलं पेट्रोल काढून घरात ठेवलं होतं. चालत निघावं, तर जीप मागून भरून आली की चाललेलं फुकट जाणार. फोन पुन्हा वाजला. लग्न लावणारे स्वामी घड्याळाकडं बघायलेत, गौराबाई सांगत होती. आणि महालिंगप्पांच्या डोक्यात वीज चमकली.

"माणसानं कशाला शिजायचं?" ते कडाडले. "जागेवर कापड टाका! भाडं कापडाच्या गाठीला बांधा. सगळी कापडं पडली की गाडी भरली. मग सगळ्यांनी एकदम चढायचं. पयला न्हाय, शेवटला न्हाय!"

हॉटेलात टाळ्या पडल्या. बुद्धीनं सहकार्य घडतं, ते असं. सोळा जण उठले. टॉवेल, रुमाल, टोप्या, सिताबाईच्या डोक्यावरची चुंबळ, आणि पुढच्या शिटावर मानानं महालिंगप्पांचं कोशाचं उपरणं. भाड्यासकट. मग सगळे बाजूला उभे राहून एकमेकांचं अभिनंदन करू लागले.

धुळाप्पानं आरशात पाहिलं. सोळाच्या सोळा जागा भरलेल्या. भाडं जमा. वजन नाही, कटकट नाही, वळणावर ओकणारं कुणी नाही. थेंब त्यानंही घेतले होते. त्यानं गाडी सोडली.

"आरं, आरं, गाडी!"

पळालं असतं तर वेशीपाशी गाठता आली असती. पण पुढं पळणारा एकटा दमणार आणि त्यानं थांबवलेल्या गाडीत मागचे सगळे आरामात बसणार. उमाशंकरनं विचार केला, भाची आप्पांची, पळतील आप्पा. आप्पांनी विचार केला, गुडघे माझे, तरणा उमाशंकर. सिताबाईनं दोघांचाही विचार केला. जीप ओढा ओलांडून दिसेनाशी झाली, तेव्हा सोळाही जण अत्यंत सखोल विचारात होते.

लोहाऱ्यात मांडवापुढं जीप थांबली. गौराबाई धावत आली. आत माणूस नाही. पुढच्या शिटावर भावाचं उपरणं, खिडकीतून आलेल्या धुळीनं भरलेलं. तिनं ते झटकलं, पदरानं डोळे पुसले. मुहूर्त तर टळत होता. शेवटी शिवप्रियाच्या पाठीमागं खुर्ची मांडली, खुर्चीवर उपरणं ठेवलं आणि अक्षता पडल्या. मामाच्या मानाचा टॉवेल-टोपीचा आहेर उपरण्याला झाला. यंदा मामानं मानपानावरून एक शब्द काढला नाही, असं वरपक्षानं खास नमूद केलं. पोरगी रीतीप्रमाणं मामाच्या पाया पडायला वाकली. वाकली, आणि पाय शोधत बराच वेळ तशीच राहिली.

दुपारी महालिंगप्पांचा फोन वाजला.

"आण्णा, तुमचं उपरणं पोचलं. जेवायला बसिवलंय. तुमी सावकाश या."

तिनं फोन ठेवला. तो अजून तिनं उचललेला नाही.

अभियानाचा अंतिम अहवाल छापून आला : संघर्ष शून्य, सहकार्य शंभर टक्के, सर्व लाभार्थ्यांचं साहित्य एकाच वाहनातून, कोणताही वाद न होता रवाना. आता हे थेंब जिल्हाभर पाजायचे आहेत.

वाचकहो, आपण तिथं असतो तर गुमान आधी चढून बसलो असतो, असं तुम्हाला वाटत असेल. खरंच आहे. हिवरेवाडीत सोळाही जण हेच सांगतात, महालिंगप्पा तर शपथेवर सांगतात. जीप आजही लिंबाखाली उभी आहे, दार सताड उघडं आहे, ऊन अजून तापलेलं नाही. या, चढा.

काय म्हणता? मागून किती जण येतात ते बघून?