दुर्लक्षाची तालीम

भीमराजने डॉक्टरांचं बोलणं पूर्ण ऐकलं असतं, पण त्यांच्या खिडकीबाहेर गुलमोहर फुलला होता. खिडकी दिसली की भीमराज निम्मा बाहेर जाई. आताही देहाने तो खुर्चीत होता, बाकीचा फांदीवर बसून झुलत होता.

"याला टूरेट सिंड्रोम म्हणतात," डॉक्टर त्याच्या बायकोला, शीतलला सांगत होत्या. "मुलगी मुद्दाम करत नाही. शिंक कशी येते? तसंच. थोडा वेळ दाबता येतं, मग दुप्पट जोराने येतं. टोकलं, ताण आला की वाढतं. एखाद्या गोष्टीत रमली की कमी होतं. तेव्हा टिककडे, म्हणजे या आपोआप होणाऱ्या हालचाली-आवाजांकडे दुर्लक्ष करा, बाकी सगळं नेहमीसारखं."

भीमराज फांदीवरून उतरला तेव्हा त्याच्या हाती एकच शब्द लागला. दुर्लक्ष!

संघमित्रा, म्हणजे घरातली मितू, पाचवीत होती. दिवाळीपासून तिचे डोळे मिचकायला लागले, मग डावा खांदा उडायला लागला, आणि अलीकडे घशातून मधूनच 'हुक्' असा आवाज येई. तिच्या आजीने, शांताबाईंनी, बाबासाहेबांच्या तसबिरीची नजर चुकवून मीठमोहऱ्याही ओवाळून पाहिल्या होत्या. आणि बुद्धपौर्णिमेला गोवंडीतल्या त्यांच्या गल्लीच्या विहारात, माईकवर वंदना सांगायचा मान यंदा मितूचा होता.

"पप्पा, मधेच हुक् आलं तर लोक हसतील?" तिने विचारलं होतं. आपल्या पोरीला कुणी हसलं तर आपण काय करू, हे भीमराजला स्वप्नातसुद्धा सुचत नव्हतं.

आता मात्र उपाय सापडला होता. त्याने घरी येताच फर्मान काढलं, "आई, मितूने कायपण केलं तरी बघायचं नाय!"

शांताबाईंनी कामात कसूर केली नाही. जेवताना मितू म्हणाली, "आजी, चटणी दे ना." शांताबाई पंख्याकडे बघत राहिल्या.

"आजी, चटणी!"

"बघितलंस? मी ढुंकून बघितलं नाय," शांताबाई अभिमानाने भीमराजच्या कानात म्हणाल्या.

"अहो आई, चटणी मागतेय ती!" शीतलने कपाळाला हात लावला. "डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या."

"उगा धोका कशाला?" शांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे त्यांनी महिला मंडळाच्या प्रेमाबाईंना सांगितलं. प्रेमाबाईंनी ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'मितूने काहीही केले तरी कोणीही बघू नये. डॉक्टरांचा आदेश.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तेवढं प्रेम बघून भीमराजचे डोळे भरून आले.

पौर्णिमेच्या सकाळी विहार पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. अगरबत्तीचा धूर पंख्याखाली संथपणे फिरत होता. मूर्तीशेजारी लोकांकडे तोंड करून मितू माईकपाशी बसली. मागे, दाराजवळच्या टेबलावर खिरीचं मोठं पातेलं होतं. शीतल शेजारच्या खोलीत नळाच्या आवाजात वाट्या विसळत होती.

मितूने वंदना सुरू केली. लोकांनी डोळे मिटले ते मिटलेच. ती म्हणायची, लोक मागून म्हणायचे. मितू इतकी रमली, की डोळा मिचकला नाही, खांदा उडाला नाही, हुक् तर कुठल्या कुठे पळालं. पण ते बघायला एकही डोळा उघडा नव्हता.

वंदनेनंतर ध्यान सुरू झालं. भीमराजला डोळे मिटायला मिळाले की खिडकीचीही गरज नसे. त्याला कमळांचं तळं दिसलं. तळ्यात होडी, होडीत पांढऱ्या फ्रॉकमधली मितू, आणि तिच्याकडे कौतुकाने बघणारी अख्खी गोवंडी.

"बकरी आली!" माईकवर मितूचा आवाज आला.

लोकांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"नवीन सुरू झालं वाटतं," प्रेमाबाई पुटपुटल्या. "बघू नका कोणी."

"अहो, खरंच बकरी! हट्! हट्!" मितू उभी राहून दोन्ही हात हलवू लागली. तिच्या बांगड्या वाजल्या.

"आता हातपण आले गं बाई," शांताबाईंनी डोळे मिटूनच उसासा टाकला.

भीमराजच्या तळ्याकाठी एक बकरी येऊन उभी राहिली. इथे हिचं काय काम, असं त्याला वाटलं. पण स्वप्नात फार चौकशी करू नये, म्हणून तो गप्प राहिला. बकरी तळं पिऊ लागली. तळ्याला वेलचीचा वास येत होता. मग ती पाणी टपकवत जवळ आली आणि तिने त्याचा कान चाटला.

भीमराजने डोळे उघडले. समोर गल्लीतल्या मिथुनची बकरी होती. दाढीवरून खीर ठिबकत होती आणि तोंडात झेंडूचा अर्धा हार होता.

"वाट लागली!" तो ओरडला. सगळा विहार जागा झाला. पातेल्याचा तळ लख्ख दिसत होता.

"अगं पोरी, ओरडायचं नाय का?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"ओरडले ना! माईकवर ओरडले!"

"आम्हाला वाटलं, तुझं ते..."

"डॉक्टर टिककडे बघू नका म्हणाल्या," मितू म्हणाली. "माझ्याकडे बघू नका असं कुठे म्हणाल्या? एवढी वंदना पाठ केली, चुकले पण नाही. कोणीच बघितलं नाही. पप्पा, तुम्हीपण नाही!"

बकरीसुद्धा चावायची थांबली. भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी हसू नये म्हणून त्याने पोरीला भरल्या विहारात एकटं पाडलं होतं.

"चुकलो गं," तो म्हणाला. "परत म्हणशील? आता बघतो. सगळे बघतो."

मिथुनने बकरी ओढत बाहेर नेली. शीतल वाट्या टाकून पुढे येऊन बसली. मितूने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी डोळे मिचकले, खांदा उडाला, आणि मधेच माईकमधून 'हुक्' विहारभर घुमलं. लोक बघत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी मान वळवली नाही. शांताबाईंची मान पंख्याकडे निघाली होती, ती त्यांनी अर्ध्यातून परत आणली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मेंऽऽ!"

मितूने दाराकडे बघितलं, मग लोकांकडे. माईक जवळ ओढून ती म्हणाली, "हा माझा नव्हता हं."

सगळ्यांत आधी तीच हसली, मग अख्खा विहार हसला. मितूकडे बघत बसलेल्या भीमराजच्या शेजारची खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर काहीतरी लालभडक फुललं होतं. ते काय, हे त्याला आजतागायत सांगता येत नाही.