जखमी नसलेल्या टिटवीची सुटका

एका जंगलात एक धबधबा होता, बरं का मुलांनो, आणि तो नुसताच पडत होता.

हसू नका. त्या काळी धबधबे नुसतेच पडायचे. तहान लागली की कोणी यायचं, पाणी प्यायचं, अंग ओलं करायचं आणि आपल्या वाटेनं निघून जायचं. धबधब्याकडे पाठ करून हसत उभं राहायची पद्धत अजून निघाली नव्हती.

मग त्या जंगलात सुधारणा आली. कशी आली ते विचारू नका, ती येतेच. रंभाजी नावाच्या एका वानराला वाटेवर एक शिट्टी सापडली. त्यानं ती गळ्यात अडकवली आणि सहज फुंकून पाहिली, तर रस्त्यानं चाललेले चारजण चक्क थांबले. झालं! त्या दिवसापासून तो लीडर झाला आणि सगळे त्याला रंभाजी सर म्हणू लागले.

रंभाजी सर दर रविवारी धबधब्याची सहल काढायचे. सहल म्हणायचं नाही हं, ट्रेक म्हणायचं. सहल म्हटलं की सर रागवायचे. आणि त्यांची ख्याती कशात होती? तर मोजक्या मंडळींचा ग्रुप. "आमच्याकडे गर्दी नाही," ते सांगायचे. "घरच्यासारखं वातावरण. प्रत्येकाकडे जातीनं लक्ष." हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

ऐन चैत्रातला रविवार होता, पण धबधबा बारमाही होता. त्या दिवशी ग्रुपमध्ये सर धरून चौघंच होते. एक भुजंगराव अस्वल. त्यांनी केला नाही असा एक ट्रेक नव्हता, आणि केलेला ट्रेक त्यांनी कोणाला सांगितला नाही असंही कधी झालं नव्हतं. दुसऱ्या शेवंताबाई साळिंदर. मनानं लोणी आणि पाठीवर काटे. त्यांच्याकडे खाण्याचे डबे आणि औषधाची पेटी. तिसरे मल्हारराव मोर. त्यांच्याकडे मोबाइल.

निघायच्या आधी सरांनी सगळ्यांना गोल करून उभं केलं. "प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव, छंद आणि हा कितवा ट्रेक."

आता ही सगळी मंडळी एकाच वडाखाली लहानाची मोठी झालेली. पण ओळख करून दिल्याशिवाय ट्रेक सुरू होत नाही म्हणे. भुजंगरावांनी एकट्यानं इतकी ओळख करून दिली की तोवर उन्हं डोक्याकडे यायला लागली. मग सरांनी नियम सांगितले. लीडरच्या पुढे कोणी जायचं नाही. लीडरच्या मागे फार कोणी राहायचं नाही. आणि वाटेत कोणी जखमी दिसला तर त्याला सोडून जायचं नाही.

"वा!" शेवंताबाईंचे डोळे भरून आले. "किती छान नियम आहे हो हा शेवटचा!"

खरंच छान होता. मीही तेच म्हणालो असतो.

इकडे धबधब्याच्या अलीकडे एक सपाट कातळ होता. त्या कातळावर येसू टिटवी अंडी घेऊन बसली होती. टिटवी काही घरटं विणत बसत नाही. चार खडे गोळा केले की झालं तिचं घर. अंडीही खड्यांसारखीच, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. पायाशी असली तरी दिसायची नाहीत. ही झाली सोय. पण चैत्रातला कातळ कसा तापतो ठाऊक आहे ना? भाकरी टाकली तर भाजून निघेल. म्हणून येसूचा सकाळपासून एकच उद्योग चालायचा. धबधब्याखाली जायचं, पोटाची पिसं चिंब भिजवायची, तशीच धावत परत यायचं आणि ओल्या पोटानं अंडी गार करत वर सावली धरून बसायचं. पोट सुकलं की पुन्हा पाणी. यात उशीर झाला तर अंडी आतल्या आत शिजतात.

एरवी हे काम नवराबायको पाळीपाळीनं करतात. पण येसूच्या टिटव्याला मागच्याच आठवड्यात ससाण्यानं नेलं होतं. रडायलाही तिला फुरसत मिळाली नव्हती. चार अंडी होती आणि आतून टकटक सुरू झाली होती. आज नाहीतर उद्या पिल्लं बाहेर येणार होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

येसूनं मान उंचावून पाहिलं. पुढे वानर, मागे अस्वल. अस्वल! भुजंगरावांचा अंड्यांवर किती जीव होता, हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. पण येसू घाबरून बसली नाही. तिनं आईनं शिकवलेलं केलं, आईला आजीनं शिकवलेलं. अंड्यांवरून हळूच उठली, खड्यांमधून वाकून लांब पळाली आणि तिथं जाऊन एकदम ओरडली. एक पंख खाली सोडला, जमिनीवरून फरफटत नेला आणि लंगडायला लागली.

ही टिटव्यांची फार जुनी युक्ती आहे, मुलांनो. लांडगा असो, मुंगूस असो, मोडक्या पंखाची टिटवी दिसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तो तिच्या मागे लागतो. ती लंगडत लंगडत त्याला दूर नेते आणि अंडी पुरेशी लांब राहिली की भुर्रकन उडून जाते. आजवर ही युक्ती कधी फसली नव्हती, कारण आजवर मागे लागणारा प्रत्येकजण लोभानंच मागे लागला होता. हे चौघं दयेनं मागे लागले. दयाळू जनावराचं काय करायचं, हे येसूला तिच्या आईनं शिकवलं नव्हतं.

"जखमी! जखमी!" सरांनी शिट्टीवर शिट्टी फुंकली आणि एका उडीत येसूला धरलं.

"अहो, सोडा! मला काही झालेलं नाही!"

"सगळे जखमी असंच म्हणतात," सर प्रेमानं म्हणाले. "शेवंताबाई, पेटी."

"अहो, सोंग होतं ते! हा पाहा पंख, हलतोय!"

"हलवू नकोस गं बाई," शेवंताबाई कळवळल्या. "मोडलेला पंख असाच हलतो."

आणि बघता बघता त्यांनी येसूचा धडधाकट पंख वेलीनं आवळून बांधला. पट्टी इतकी सुबक होती की मल्हाररावांनी तिचे वेगळे फोटो काढले.

येसूला वाटलं, सरळ सांगून टाकावं. पण समोर भुजंगराव उभे होते, जिभल्या चाटत. म्हणजे ते उगाचच चाटत होते, सवय होती त्यांना. तरी येसूच्या तोंडून अंड्यांचं नाव निघेना. ती एवढंच म्हणाली, "मला पाण्यापाशी न्या हो. मला पोट भिजवायचंय."

"पोट भिजवायचंय?" शेवंताबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "सर, हिला ताप चढलाय. बरळतेय बिचारी."

मग सरांनी तिथल्या तिथं निर्णय घेतला. ट्रेक रद्द. जखमीला वडाखाली न्यायचं. पानांची एक झोळी झाली आणि येसूला तीत घातलं. धबधब्याचा आवाज अगदी जवळून येत होता, पुढच्या वळणावरच तो दिसला असता. पण ग्रुपनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मंडळी परत निघाली.

परत निघाली म्हणजे लगेच नाही हं. आधी मल्हारराव म्हणाले, "एक फोटो सगळ्यांचा. टिटवीताई, चेहऱ्यावर जरा वेदना दाखवा ना." येसूला वेदना दाखवायला काही करावं लागलं नाही. मग शेवंताबाईंनी डबे उघडले. "आधी दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी दुखणं वाढतं."

"मला जाऊ द्या हो," येसू हात जोडायच्या बेतात होती. "तुमच्या पाया पडते. ऊन बघा किती चढलंय."

"म्हणून तर तुला सावलीत बसवलंय," सर म्हणाले. ते जातीनं लक्ष देत होते ना!

येसू झोळीतून वर बघत होती. सूर्य डोक्यावर आला होता. कातळ तापून लाल झाला असेल. तिच्या पोटावरची पिसं केव्हाच सुकली होती. तिच्या जिवाची नुसती तगमग झाली, ओरडावंसं वाटलं, पण ओरडली असती तर ह्यांनी तोंडालाही पट्टी बांधली असती. काय करावं? आईनं एकच विद्या दिलेली, जखमीचं सोंग. आणि त्या सोंगानंच घात केला होता.

मग तिच्या मनात आलं, सोंग आपणच करायला हवं असं कुठंय?

"भुजंगराव," ती झोळीतून म्हणाली, "तुम्ही लंगडताय का हो?"

"मी? छे! मी कशाला लंगडू?"

"सगळे जखमी असंच म्हणतात," येसू म्हणाली.

सरांचे कान टवकारले. शिट्टी वाजली. सगळे भुजंगरावांकडे बघायला लागले. भुजंगराव आधी चिडले. पण इतक्या जणांनी इतक्या काळजीनं त्यांच्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. ते हळूच खाली बसले आणि म्हणाले, "आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. दोन वर्षांमागे मी एक ट्रेक केला होता. तेव्हापासून जरा ठणकतंच."

"अगं बाई! आणि तुम्ही बोलला नाहीत?" शेवंताबाईंना उमाळा आला. त्या धावल्या, भुजंगरावांचा पाय मांडीवर घेतला आणि वळून पेटी उघडायला गेल्या. वळल्या कशाला! पाठीचे काटे भुजंगरावांच्या पायात खचाखच घुसले.

भुजंगराव खरोखरीचे जखमी झाले. ते बोंब मारून उठले आणि जे मागे पडले ते थेट मल्हाररावांच्या पिसाऱ्यावर. अर्धा पिसारा उपटून आला. मल्हाररावांनी किंकाळी फोडली. मोबाइल दरीत गेला, तेव्हा त्यांनी दुसरी फोडली, ती पहिलीहून मोठी होती.

सर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते. भुजंगरावांना वेल लागली, मल्हाररावांना वेल लागली, शेवंताबाई रडून रडून आडव्या झाल्या म्हणून त्यांच्या डोक्याला वेल लागली. आणि वेली संपल्या! भुजंगरावांचा पाय अजून अर्धा उघडा होता.

सर येसूकडे आले. "टिटवीताई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमची जखम त्या मानानं किरकोळ आहे. गंभीर जखमींना आधी, असा नियम आहे. तुमची पट्टी जरा सोडतो. समजून घ्याल ना?"

"समजून घेते," येसू म्हणाली.

सरांनी गाठ सोडली. येसू उडाली ती मागे वळून न बघता.

"बघितलंत?" सरांचा ऊर भरून आला. "अर्ध्या दिवसात गुण आला!" तिघाही जखमींनी टाळ्या वाजवल्या.

येसूनं धबधब्याखाली अंग झोकलं, पोट भिजवलं, कातळावर आली आणि अंड्यांवर बसली. अंडी तापली होती. ती परत गेली, परत भिजली, परत आली. ऊन उतरेपर्यंत तिची ये-जा चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं अंडं तडकलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यातली टकटक थांबली होती. येसू त्या अंड्यावर आणखी दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पिल्लं चालायला लागली, तेव्हा तिला उठावंच लागलं.

त्याच आठवड्यात वडाखाली मोठा समारंभ झाला. चौघांना प्रशस्तिपत्रं मिळाली. त्यांवर लिहिलं होतं, "एक जीव वाचवल्याबद्दल." सरांनी भाषण केलं. भुजंगरावांनी तर तीन भाषणं केली. कातळावर पाटी लागली, "टिटवी बचाव स्थळ". आणि पुढच्या रविवारी हे स्थळ बघायला मोजक्या मंडळींचे ग्रुप आले. एकामागून एक, दिवसभर येतच राहिले. प्रत्येक ग्रुप अगदी मोजका होता आणि प्रत्येकाच्या गळ्यात औषधाची पेटी होती.

काय विचारलंस बाळ? धबधबा कोणी पाहिला का? शाबास, तुला त्याची आठवण तरी राहिली. त्यांना नाही राहिली. पाटी अलीकडेच होती ना, वळणापर्यंत जायचं कारणच पडलं नाही.

पहिली शिट्टी ऐकू आली तेव्हा येसू पिल्लांना घेऊन चरत होती. सगळ्यात धाकटीनं पाहुणे पाहिले मात्र, कोणी न शिकवताच तिचा इवलासा पंख खाली पडला आणि ती लंगडायला लागली. रक्तातच असतं ते.

"खबरदार!" येसू कडाडली. "पंख वर घे! नीट उभी राहा!"

"पण आई, ते आले ना?"

"लांडगे नाहीत ते. मदत करायला आलेत."

शाळेत प्रार्थनेला मुलं राहतात तशी तिन्ही पिल्लं ताठ उभी राहिली. पाहुण्यांनी त्यांना खालून वरून निरखलं, पेट्या चाचपल्या आणि काहीच दुखत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसून पुढच्या कोणाच्या शोधात निघाले.

तात्पर्य : संकटात सापडलेल्याच्या मदतीला धावून जावं, हे तुमच्या पुस्तकात लिहिलंच आहे, ते परीक्षेत तसंच लिहा. घरी मात्र एवढं लक्षात ठेवा. वैरी दिसला तर खुशाल लंगडावं. पण हितचिंतकांचा ग्रुप येताना दिसला, आणि तो मोजका असला, तर आधी ताठ उभं राहावं आणि मग हळूच अंडी मोजावीत.