चौदा-तेरा आणि बाराची आई

स्लेटर आणि ओल्ड फेरी या दोन गावांच्या मध्ये एक नदी आहे, एक पूल आहे आणि एक गुण आहे. नदीबद्दल कुणाची तक्रार नाही. पूल दोन्ही गावांनी निम्मा-निम्मा वाटून घेतलाय आणि आपापल्या रंगानं रंगवलाय. राहिला गुण. १९८७ च्या अंतिम सामन्यात ओल्ड फेरीच्या शाळेनं स्लेटरच्या शाळेला अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून हातानं खेळतात त्या खेळात, चौदा-तेरा असं हरवलं, आणि तो एक गुण स्लेटरला अजून परत मिळालेला नाही. स्लेटरमध्ये मूल बोलायला लागलं की आधी आई म्हणतं, मग बाबा, आणि मग चौदा-तेरा. काही घरांत हा क्रम उलटा असतो.

या दोन शाळा एरवीही दरवर्षी एकदा खेळतातच, पण यंदा त्या पुन्हा अंतिम सामन्यात आल्या. सामना शनिवारी दुपारी एक वाजता. त्यामुळे दोन्ही गावांचं मिळून जे एकच साप्ताहिक निघतं, त्यानं प्रथेप्रमाणे ‘पारडं कुणाचं?’ हे पान जाहीर केलं. या पानावर दोन्ही संघांची कलमवार तुलना असते. चेंडू फेकणारा, पळणारे, अडवणारे, लाथ मारणारा, प्रशिक्षक. आणि प्रत्येक कलमापुढे ज्याचं पारडं जड त्याचं नाव. संपादक हॅरल्ड स्टिप यांचे निम्मे वर्गणीदार नदीच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे राहतात, म्हणून एकूण हिशेब बरोबरीत सुटलाच पाहिजे, असा त्यांचा संपादकीय बाणा होता. खेळाची कलमं पुरली नाहीत की ते वाद्यवृंद घेत, मग मैदानावरचे हॉटडॉग, मग पाद्रीबुवांच्या प्रार्थना. प्रार्थनेच्या लांबीत पारडं फेरीचं होतं, कळकळीत स्लेटरचं. अशी चौदा कलमं झाली, सात-सात.

पंधरावं कलम ‘तंदुरुस्ती’. त्याची माहिती दोन्ही शाळांच्या परिचारिका बुधवारी दुपारपर्यंत कळवत आणि तिथे दरवर्षी ‘समान’ असं छापून येई. ते कुणी वाचत नसे. स्लेटर शाळेची परिचारिका बर्निस कोवाच ते बावीस वर्षं लिहीत आली होती, पण तिनंही ते छापून आल्यावर कधी वाचलं नव्हतं.

यंदा मात्र त्यात अडचण आली. आदल्या शुक्रवारच्या सामन्यात स्लेटरचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आल्याशिवाय संघाचं पान हलत नाही तो, जोरात आपटला. हा रोवेना रस्नाकचा धाकटा, कोल्बी, वय सतरा, पाठीवर बारा नंबर. डोकं हेल्मेटसकट जमिनीवर आदळलं. तो उठला, कपडे झटकले आणि शांतपणे जाऊन विरुद्ध संघाच्या घोळक्यात उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, हा नवा डाव आहे. प्रशिक्षक डेनी ब्रॅडिगन यांनीही सामन्यानंतर, काही डाव आम्ही राखून ठेवले आहेत, असं सूचक विधान केलं.

सोमवारी सकाळी कोल्बी बर्निसच्या खोलीत बर्फ मागायला आला. तिनं दिला. दहा मिनिटांनी तो पुन्हा आला आणि बर्फ मागितला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हातात वितळणाऱ्या दोन पिशव्या होत्या. बर्निसनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि खिडकीचा पडदा ओढला, कारण तो उजेडाकडे बघताना डोळे बारीक करत होता.

ही बातमी प्रशिक्षकांपर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागला, जेवढा एका मुलाला जिन्यावरून पळत खाली जायला लागतो. ब्रॅडिगन आले ते हातात छापील कार्ड घेऊनच. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला कोणते प्रश्न विचारायचे, याचं ते अधिकृत कार्ड होतं. सर्व काही नियमानं व्हावं, असा त्यांचा आग्रह होता.

आपण कुठल्या गावात आहोत? कोल्बीनं सांगितलं. गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? सांगितलं. कोण जिंकलं? सांगितलं. शेवटचे गुण कुणी केले? हे तर त्यानं कितव्या मिनिटाला, कुठल्या कोपऱ्यात आणि वारा कुठून होता यासकट सांगितलं. मग कुणी न विचारताच त्यानं १९८७ चा गुणफलक सांगितला, चारही सत्रांचा, वेगवेगळा.

ब्रॅडिगननी कार्ड खिशात घातलं. एवढं तल्लख पोर त्यांनी सबंध कारकिर्दीत पाहिलं नव्हतं.

“हे तर गावातल्या दफनभूमीतलेही सांगतील,” बर्निस म्हणाली. मग ती कोल्बीसमोर स्टूल ओढून बसली. “कोल्बी, बाळा, तुझ्या आईचं नाव काय?”

कोल्बीनं विचार केला. भिंतीकडे पाहिलं, बर्फाच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

“बाराची आई,” तो म्हणाला.

“बरोबर!” ब्रॅडिगन म्हणाले.

आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. स्लेटरमध्ये खेळाडूंच्या आया सामन्याला खास शर्ट घालतात, त्यावर मुलाचा नंबर आणि खाली ‘ची आई’ असं लिहिलेलं असतं. चार वर्षं ही बाई दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे बाराची आई म्हणूनच ओळखली जात होती. तिचं नाव खात्रीनं सांगता यावं म्हणून बर्निसलाही कपाटातली फाइल उघडावी लागली. ते तिला जरा लागलं.

“डेनी, हे तिच्या शर्टवर लिहिलंय. ते नाव नाही.”

“अगं, पण सगळं गाव हेच म्हणतं. मग माझाही मेंदू तपास.”

“यादीत तूच पुढचा आहेस,” असं म्हणून बर्निसनं वहीत लिहिलं: बारा नंबर, तंदुरुस्त नाही. खेळू नये.

बुधवारी हॅरल्ड स्टिप यांचा फोन आला. त्यांचा आवाज घरात कुणी गेल्यासारखा होता. पंधरावं कलम फेरीकडे गेलं तर हिशेब आठ-सात होतो, हे त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. मुलाबद्दल त्यांना वाईट वाटत होतंच, पण हा आकडा छापायचा कसा, ते तिनंच सांगावं. ओल्ड फेरीच्या परिचारिकेनं एका ओळीत ‘सर्व उत्तम’ असं कळवलं होतं, असंही त्यांनी पुढे जोडलं. किती सुटसुटीत.

बर्निस बधली नाही. तेव्हा साप्ताहिकानं रागाच्या भरात बरोबरीचा बाणा विसरून नवीन कलम उघडलं: ‘परिचारिका’. त्यातही पारडं फेरीचं. नऊ-सात.

गुरुवारी सकाळी बेकरीत बर्निसला कुणी ओळख दाखवली नाही. बेकरीवाल्यानं तिचा पाव कागदात न गुंडाळता हातात दिला. एक म्हातारे गृहस्थ, जे १९८७ साली तो शेवटचा गुण चुकलेल्या मुलाचे काका होते, तिला म्हणाले की बाई, आमचा पुतण्या निदान चुकून चुकला. कोल्बी कसा आहे, असं मात्र कुणी विचारलं नाही. तो खेळणार हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त कागद कसा करायचा, तेवढंच राहिलं होतं.

तो प्रश्न शाळेचे अधीक्षक गेलॉर्ड प्रिम यांनी सोडवला. त्यांनी त्याच दुपारी दोन्ही गावांची संयुक्त बैठक घेतली आणि खरी माहिती समोर ठेवावी, कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, असं फेरीच्या मंडळींना विनवलं. थोड्या आढेवेढ्यांनंतर कळलं की ‘सर्व उत्तम’मध्ये डोक्याला मार बसलेले तिघे होते. त्यातला एक जण आठवडाभर दुसऱ्याच वर्गात बसत होता आणि तिथे त्याला मार्क बरे पडत होते.

प्रिमसाहेबांनी फळ्यावर लिहिलं: स्लेटर एक, फेरी तीन. म्हणजे तंदुरुस्तीत पारडं स्लेटरचं. सभागृहानं सुटकेचा निःश्वास टाकला. आठ-आठ. आता दोन्ही बाजूंना डोकी हललेली असल्यानं कुणावरच अन्याय होत नाही, सबब चौघांनीही खेळावं, असं ठरलं. परिचारिकेची सही नसेल तर पालकाची सही चालेल, असं नियमातलं एक उपकलमही त्यांना सापडलं. बर्निसनं उभं राहून विचारलं की, ही तुलना मुलांना कोणी समजावून सांगणार का. तिचा प्रश्न इतिवृत्तात ‘आभार मानले’ असा नोंदवला गेला.

संध्याकाळी बर्निस रस्नाकांच्या घरी गेली. बाराच्या आईनं दार उघडलं. अंगात तोच शर्ट. टेबलावर शाळेचा लिफाफा होता, आत संमतिपत्र.

“म्हणजे खेळू देतायत त्याला?” तिनं आधी हेच विचारलं. शेवटी तीही स्लेटरचीच.

“देतायत. तू सही केलीस तर,” बर्निस म्हणाली. “सोमवारी मी त्याला तुझं नाव विचारलं. त्याला आलं नाही.”

बाराच्या आईनं शर्टचं टोक चिमटीत धरून त्यावरची अक्षरं वाचली. आतल्या खोलीत कोल्बी हाक मारत होता, बर्फ आहे का विचारत होता.

“ह्या गावात ते कुणाला येतं?” ती म्हणाली.

मग तिनं लिफाफा उचलून पत्ता वाचला. कार्यालयातही नाव कुणाला माहीत नव्हतं आणि फाइल बर्निसच्या कपाटात होती, म्हणून कारकुनानं सोयीचं ते लिहिलं होतं: ‘बाराची आई, यांस.’ तिनं पेन घेतलं, लिफाफा उलटा केला आणि शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं: या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पत्र परत करावं.

शुक्रवारी पत्र परत आलं. प्रिमसाहेबांनी सगळी उपकलमं धुंडाळली, पण पालकच अस्तित्वात नसेल तर सही कुणाची घ्यायची, याची तरतूद नव्हती. नियमानुसार बारा नंबर बाद झाला. शनिवारी दुपारी एक वाजता सारं गाव मैदानावर होतं, आणि एका घरात पडदे ओढून एक बाई साध्या निळ्या स्वेटरमध्ये मुलाच्या पलंगाशी बसली होती. तासातासानं ती त्याला एकच प्रश्न विचारत होती.

दहा दिवसांनी कोल्बी बर्निसच्या दारात आला. “कोवाचबाई, बर्फ नकोय,” तो म्हणाला, आणि तिनं विचारायच्या आत आईचं नाव सांगितलं. स्पेलिंगसकट. बर्निसनं ते वहीत लिहिलं, ‘तंदुरुस्ती’च्या रकान्यात.

आता तुम्हाला विचारायचं असेल की सामना कोण जिंकलं. साहजिक आहे. बराच वेळ तुम्ही त्यासाठीच थांबला आहात. सांगायला हरकत नाही, पण आधी बर्निसच्या वतीनं दोन प्रश्न, मागे न बघता. १९८७ चा गुणफलक काय होता?

अगदी बरोबर.

आणि कोल्बीच्या आईचं नाव? एकदा सांगितलं होतं.

हं. बसा इथे. पडदा ओढते. बर्फ आहे.