नवमीला माउसला हात लावायचा नाही

भुजंगराव कॉम्प्युटर बंद करत नसत. रात्री नाही, गावाला जाताना नाही, वादळात तर नाहीच नाही. कुणी त्या बटणाकडे नुसता हात नेला, तरी म्हणत, ‘‘त्याला निजूं द्या. उठवूं नका, मारूं तर मुळींच नका.’’

बँकेने माझी बदली कुंभकोणमला केली आणि तिथल्या मेलकावेरी भागात भुजंगरावांच्या माडीवर मला जागा मिळाली. निवृत्त भूगोल-मास्तर, एकटेच राहायचे. घराण्याला तंजावरकडे येऊन तीनेकशे वर्षं झालेली. बाहेर अस्खलित तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी कशी, तर बखरीतून उठून कापी, म्हणजे कॉफी, प्यायला आलेली! ‘मला’ नाही, ‘मज’. ‘झालं’ नाही, ‘जाहलें’. मी पडले सोलापूरची, आमच्या तोंडाला फाटक नाही. पहिल्याच दिवशी मी फस्सकन हसले. तेही हसले आणि तमिळमध्ये ‘बरं, बरं’ करत म्हणाले, ‘‘सरी, सरी. तुमचें ऐकून मजही हसूं येतें, बाई.’’

तर तो कॉम्प्युटर. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त तो चालायचा. पंखे बंद, दिवे बंद. आपण घामाने थबथबलेले आणि कोपऱ्यात ते डबडं मजेत गुणगुणतंय! एकदा मी चिडून म्हटलं, ‘‘काका, माणसं उकडून मेली तरी चालतील का तुम्हाला?’’ त्यांनी मला ताडाच्या पानाचा हातपंखा आणून दिला.

देवमाणूस होता, पण एकदा माझ्यावर ओरडले. मला एक कागद छापायचा होता. पडद्यावर खाली पाच-सहा खिडक्या मिटवून ठेवलेल्या, त्या मी पटापट बंद करू लागले. ‘‘ती डावीकडची नको!’’ केवढ्यांदा ओरडले! शेजारची गाय उठून उभी राहिली. मी कागद न छापताच फणकारत वर गेले. थोड्या वेळाने कागद छापून माडीवर आला, सोबत वाटीत रव्याचा लाडू. त्या खिडकीत काय आहे हे मी विचारलं नाही. माझाही ताठा काही कमी नाही.

कॉम्प्युटर मात्र रोज सकाळी कटकट करायचा. नवी सिस्टीम आली आहे, घालू का? भुजंगराव आंघोळ करून, गंध लावून येत आणि ‘नंतर’ हे बटण दाबत. संध्या चुकली असती, पण हे चुकलं नसतं. मी म्हणायची, ‘‘अहो, घाला की एकदाची! जुनी सिस्टीम किती दिवस ओढणार?’’ ‘‘चालतें तें चालूं द्या,’’ एवढंच उत्तर.

मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. इथे त्या दिवशी सायकलीपासून विळीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत कुठल्याही अवजाराला हात लावायचा नाही. मी प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, घ्यायला खाली आले, तर कॉम्प्युटरच्या चारही कोपऱ्यांना चंदनाचे टिळे, प्रिंटरच्या कपाळी कुंकू आणि माउसवर शेवंतीचं फूल. पडद्यावर मात्र मोठी चौकट उघडलेली: आता मुदत संपली, थोड्याच वेळात नवी सिस्टीम सुरू होईल, शेवटचं पुढे ढकलायचं असेल तर इथे दाबा.

‘‘काका, दाबू का?’’ मी हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘आज नाही. आज हात लावायचा नाही.’’

ते हात जोडून समोर उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. पडदा निळा झाला, मग काळा झाला. मी सुंडल खात म्हटलं, ‘‘चला, सुटलो एकदाचे!’’

सुटतोय कसले! विजयादशमीला नव्या सिस्टीमने त्यांना त्यांच्याच घरात नाव विचारलं, मग परवलीचा शब्द, मग बोटाचा ठसा. कुंकू लावलेला प्रिंटर ‘ओळखीचा नाही’ म्हणाली. भुजंगराव भजनमठासाठी छापून देत, त्या पत्रकातल्या तमिळ अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दर दोन मिनिटांनी ‘मी मदत करू का?’ अशी गोड विचारणा. आठवडाभर मी बँकेतून येऊन तिच्याशी झटापट केली, मराठीतल्या सगळ्या शिव्या वापरून झाल्या. शेवटी प्रिंटर चालला, अक्षरं उमटली, फोटोही जागेवर सापडले.

‘‘घ्या! सगळं परत आलं,’’ मी म्हटलं.

‘‘सगळें आलें. एक नाही आलें.’’

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, कॉम्प्युटरवर एकटीने पत्ते लावायचा भारी नाद. मी यायच्या आधीची गोष्ट. एक दिवस डाव रंगात असताना दूध उतू जाईल म्हणून त्या उठल्या. ‘येतें,’ म्हणाल्या. स्वयंपाकघरातच कोसळल्या. तो डाव तसाच राहिला, त्या डावीकडच्या खिडकीत. कॉम्प्युटर एकदा बंद झाला असता, तर गेला असता.

मला रडूच फुटलं. ‘‘मग मला अडवलंत कशाला हो? एक बटण तर दाबायचं होतं!’’

‘‘या डब्याला पहिलें चंदन तिनेंच लावलें, बाई. पत्त्यांवर एवढा जीव, पण नवमीला शिवत नसे. तिचा डाव राखायास तिचाच नेम कसा मोडूं?’’

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पत्त्यांचा कॅट आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कॅट उघडला आणि तोच डाव मांडायला घेतला. एकेक पान शोधून जागेवर. कुठेही अडखळले नाहीत. उरलेली पानं मात्र हातात धरून थांबले.

‘‘वरचीं मज पाठ आहेत. उपडीं कोणतीं होतीं, तें आतां कोणास कळणार?’’ म्हणाले आणि ती पानं न बघता, अंदाजाने उपडी लावली.

मी बघितलं, किल्वरच्या दश्शीवर बदामाची नव्वी सरळ जात होती. माझा हात आपोआप पुढे गेला.

‘‘नको. दिसलें होतें तिला. येऊन लावणार होती.’’

पत्ते अजून टेबलावर तसेच आहेत. कॉम्प्युटर आता रोज रात्री बंद होतो. पंखा मात्र दिवसासुद्धा लागत नाही, पानं उडतील म्हणून. मी संध्याकाळी खाली जाते, त्या टेबलाशी बसून गरम कापी पिते, घाम पुसते आणि उकाड्याबद्दल अवाक्षर काढत नाही.